पालक म्हणजे कोण

जूनचा पहिला शनिवार, सकाळी साडेदहा. बडोदा, मांजलपूर, आमच्या सोसायटीच्या ऑफिसची खोली.

हजर: मी. यंदा तिसरीत जाणाऱ्या एका मुलीची आई. तिच्याबरोबर तिची सासू, म्हणजे मुलीची आजी. त्या मुलीला दुसरीत शिकवलेल्या बाई, म्हणजे इथल्या भाषेत बेन. कोर्टातून निवृत्त झालेले टायपिस्ट काका. वासण्याच्या एका शाळेतल्या दोन शिक्षिका, पहिल्यांदाच आलेल्या. गैरहजर: मुलीच्या शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक. "पाच मिनिटं तरी डोकावून जाईन," असं त्यांनी दोनदा कळवलं होतं.

वहीत एवढं लिहून मी खाली रेघ मारली. पुढचं सगळं आता आठवून लिहिते आहे, कारण त्या दिवशी नंतर मी वही उघडलीच नाही. तेवढी संतापले होते.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही त्या खोलीत जमतो. मी नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळते. सरकारी पत्र कसं वाचायचं, कुठला कागद कशाला जोडायचा, आवक नंबर हातात पडल्याशिवाय खिडकी का सोडायची नाही, हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा मात्र मी कुठे शिकले नाही. घरी बसून, पेन्सिलीने खुणा करत, एकेक कलम तीन-तीनदा वाचून काढला. आता तो आईवडिलांना आणि शिक्षकांना साध्या भाषेत सांगते. वकील नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी घटस्फोटाचं विचारत नाही.

हे का करते, तेही एकदा सांगून टाकते. माझ्या मुलीला लहानपणापासून कमी ऐकू येतं. ती चौथीत असताना शाळेने मला बोलावलं, चहा दिला, खूप गोड बोलले आणि एक कागद पुढे केला. त्यात गुजरातीत लिहिलं होतं की मी माझ्या मुलीला 'राजीखुशीथी', म्हणजे स्वखुशीने, या शाळेतून काढून घेत आहे. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं तपासणारी मी, त्या कागदावर सही करून घरी आले. वर आभारही मानले. तेव्हाही कायदा होता. मला माहीत नव्हता आणि ज्यांना माहीत असायला हवा होता ते मला बिस्किटं घ्या म्हणत होते. मुलगी आता तिशीला आली, नोकरी करते, मला कधी बोल लावत नाही. मी लावते.

तर त्या शनिवारी सुरुवात हसतखेळत झाली. वासण्याहून आलेल्या शिक्षिकांपैकी एकीने कायद्याचा एक उतारा मोबाइलवर मराठीत करून आणला होता. त्यात लिहिलं होतं की शाळेने दिव्यांग मुलांना 'वाजवी निवास' द्यावा.

"म्हणजे आम्ही त्यांची हॉस्टेलची सोय करायची?" तिने अगदी मनापासून विचारलं. "आमच्या शाळेत स्टाफरूमलाच जागा नाही."

"अहो, निवास कसला! इंग्रजीतल्या 'अकोमोडेशन'चं मोबाइलने निवास करून टाकलंय. शिकताना त्या मुलाला जी अडचण येते ती काढायची सोय. कमी दिसत असेल तर पहिल्या बाकावर बसवणं. हात चालत नसेल तर लिहायला जास्त वेळ देणं. जिना चढता येत नसेल तर वर्ग खाली आणणं."

"एवढंच?"

"एवढंच. तेवढंच कोणी करत नाही."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले, मोबाइलच्या भाषांतरावर चार शब्द बोललेही. दहा मिनिटांनी माझ्यावर हसायची पाळी येणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग मुलीच्या आईने पिशवीतून आमचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. तो परत आला होता.

या मुलीबद्दल थोडं सांगते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय नीट साथ देत नाहीत, वॉकर घेऊन चालते. तोंड मात्र अखंड चालू. बारापर्यंत पाढे पाठ, घरात मराठी, शाळेत गुजराती, आणि वॉचमनशी हिंदी. वडील कारखान्यात शिफ्टमध्ये, मूळचे जळगावकडचे. घराजवळच्या ट्रस्टच्या शाळेत ती दुसरीपर्यंत शिकली, कारण दुसरीचा वर्ग तळमजल्यावर होता. तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर. मार्चमध्ये आचार्यांनी तिच्या आईला बोलावून सांगितलं, की आता हिला घरीच शिकवू, आठवड्यातून एकदा शिक्षक येतील, तुम्ही फक्त या कागदावर सही करा. कागदात तोच शब्द: राजीखुशीथी.

तिच्या आईने सही केली नाही. "घरी विचारून सांगते," म्हणाली आणि सरळ माझ्याकडे आली. मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. घरी शिकवण्याची तरतूद शिक्षणहक्क कायद्यात आहे, पण ती गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाने हवी तर निवडायची. शाळेने सोयीसाठी त्याच्या गळ्यात मारायची नाही. दुसरं, सरकारची नुसती मान्यता असलेल्या शाळेलाही दिव्यांग हक्क कायद्याचं कलम सोळा, म्हणजे सोयी द्यायचं कलम, लागू आहे. अनुदान घेत नाही म्हणून सुटका नाही. आणि तिसरं, तोंडी काही बोलायचं नाही. शाळेला आणि शिक्षण कचेरीला अर्ज द्यायचा, की तिसरीचा वर्ग खाली आणावा. शाळेने आमची प्रत फाइलला लावून ठेवली. कचेरीतली प्रत एप्रिलच्या सुरुवातीला आवक झाली. मेच्या अखेरीस ती शेऱ्यासकट परत आली. शाळा येत्या गुरुवारी उघडणार होती.

शेरा असा: "अरजदार बाळकीना पालक होवाथी वालीपणानो कायदेसर आधार रजू करवो."

मी वाचला. पुन्हा वाचला. अर्जदार मुलीचे पालक असल्यामुळे पालकत्वाचा कायदेशीर पुरावा सादर करावा. याला काही अर्थच नव्हता. पालक असल्यामुळे पालक असल्याचा पुरावा?

आजींनी मात्र लगेच अर्थ लावला. "म्हणजे ते काय म्हणतायत? पोरगी आमची नाही?"

"आई, थांबा ना," सून, म्हणजे मुलीची आई, म्हणाली.

"काय थांबू? तुझ्या बाळंतपणात अठरा तास मी दवाखान्यात उभी होते. आणि हे टेबलावर बसून विचारणार, पुरावा काय?"

सून अगदी हळू म्हणाली, "ताई, तिचे पाय असे आहेत म्हणून त्यांना वाटलं असेल का, की कोणाची तरी आणलीय?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. एक शेरा लिहायला कोणाला तरी अर्धं मिनिट लागलं असेल. त्या अर्ध्या मिनिटाने या बाईच्या डोक्यात हे घातलं होतं, आणि ते घेऊन ती आठवडाभर घरात स्वयंपाक करत होती.

तेवढ्यात टायपिस्ट काकांनी चष्मा वर करून कागद जवळ घेतला. काका गुजराती, आमचं मराठी त्यांना सगळं कळतं, बोलतात मात्र आपल्याच भाषेत किंवा दोहोंच्या मिश्रणात. त्यांनी शेरा वाचला नाही, अर्ज वाचला. बोट एका ओळीवर टेकवलं आणि हसायला लागले.

"अरे बेन! आ तमे शुं लख्युं छे? पालक?"

"हो, पालक. आई आहे ती."

"गुजरातीत आईबाप म्हणजे वाली. पालक म्हणजे ज्याने दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतलंय तो. तुम्ही लिहिलंय, हुं आ बाळकीनी पालक माता छुं. कारकून काय समजणार? सांभाळायला घेतलेली पोर, तर कोर्टाचा कागद लावा."

अर्जाचा नमुना माझा होता. मी आधी मराठीत लिहिला होता आणि मग माझ्या हाताने गुजरातीत उतरवला होता. बडोद्यात जन्मले, भाजीवाल्याशी, बँकेत, कारखान्यात, शेजारी, जन्मभर गुजरातीच बोलत आले. 'वाली' हा शब्द हजार वेळा ऐकला असेल; शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर असतो. पण अर्ज लिहिताना हातातून उतरला तो घरातला शब्द. घरातल्या शब्दांचं हेच आहे, ते बाहेरच्या कपड्यात बेमालूम जातात. गुजराती लिपीत 'पालक' इतका सरळ बसला होता की मला खटकला नाही, मुलीच्या आईला खटकला नाही. बेननी अर्ज वाचलाच नव्हता, आणि तो टाइप काकांनी केला नव्हता. त्या आठवड्यात ते मुलाकडे अहमदाबादला होते.

मराठीत आपण म्हणतो, याला कोणी वाली नाही. मी त्या मुलीच्या अर्जातून नेमका तोच शब्द काढून टाकला होता.

मी सुनेला म्हटलं, "चूक माझी आहे. तुझी नाही, तिच्या पायांची तर नाहीच." "आता काय?" एवढंच विचारलं आजींनी. बरोबरच होतं. माझ्या माफीने वर्ग खाली येणार नव्हता.

त्या दुपारी मी नमुना दिलेल्या सगळ्यांना फोन लावले. अकरा जण होते. नऊ जणांनी अर्ज अजून दिलाच नव्हता, त्यांना शब्द बदलायला सांगितला. दोघांचे अर्ज मंजूर झाले होते. तिथे 'पालक' कोणाला दिसलाच नव्हता. म्हणजे एका टेबलावर चालतो, दुसऱ्यावर अडतो. मला स्वतःचा राग आला होता तो इथून पुढे वाटला गेला, आणि मोठा हिस्सा दुसरीकडे गेला. कारण संध्याकाळी परत आलेला अर्ज शांतपणे पाहताना माझ्या लक्षात आलं: अर्जाला जोडलेलं दुसरं पानच जन्मदाखल्याचं होतं. आईचं नाव, बापाचं नाव, अर्जातलीच. तिसरं पान दिव्यांग दाखल्याचं, त्यावरही तीच नावं. पान उलटलं असतं तर शेरा लिहायची गरज पडली नसती. दोन महिन्यांत ते पान कोणी उलटलं नव्हतं. टाचणीच्या कोपऱ्याला घडी सुद्धा पडलेली नव्हती.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुनेला मागे बसवून स्कूटरवर कचेरीत गेलो. तिने जन्मदाखल्याची मूळ प्रत, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, मुलीचे बारशाचे फोटो सुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते. फोटो कशाला, असं मी विचारलं नाही.

खिडकीमागच्या भाईंना मी सगळं समजावलं. मराठीत पालक म्हणजे आईबाप, गुजरातीत वाली हवं होतं, शब्दाची चूक, लिहिणारी मी. ते ऐकून त्यांना इतकी मजा वाटली की त्यांनी शेजारच्या टेबलाला हाक मारली.

"सांभळ्युं? बेन कहे छे पालक एटले मम्मी-पप्पा! बेन, पालक तो भाजी कहेवाय!"

शेजारचं टेबल हसलं. त्याच्या मागचंही. एक जण म्हणाला, "पनीर साथे?" पुन्हा सगळे हसले. सून माझ्या बाजूला प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. भाईंनी हसता हसताच तिला विचारलं, "आ तमारी ज दीकरी छे ने?" ही तुमचीच मुलगी ना? तिने पिशवी उघडायला घेतली. मी तिचा हात धरला.

"ते विचारू नका," मी म्हटलं. गुजरातीतच म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दुसरं पान उघडा. इथे. माझ्यासमोर. वाचा नाव."

त्यांनी पान उलटलं. वाचलं. हसू गेलं.

"बरं. पण मग नवी अरजी आपो. जुनीवर शेरा मारलाय, ती निकाली निघाली."

"नवी दिली तर आजची तारीख पडेल. रांगेत शेवटी जाईल. शाळा गुरुवारी उघडते."

"नियम छे, बेन."

"कुठला? दाखवा. मी उतरवून घेते." मी वही काढली. हा माझा जुना उपाय आहे. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक इन्स्पेक्टरवर वापरलेला. नियमाचा नंबर विचारून पेन उघडलं की निम्मे नियम नाहीसे होतात. "लिहिण्यातली चूक अर्जदाराने खोडून, बाजूला सही करून दुरुस्त केलेली तुम्ही रोज स्वीकारता. आता आमच्या पुढच्या माणसाची तुम्ही स्वीकारलीत. मी बघत होते."

"साहेबांना मळो," ते म्हणाले. साहेबांना भेटा. म्हणजे त्यांच्यापुरतं संपलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. यात समाधान मानावं की जास्त चिडावं हे मला आजही कळत नाही. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, अर्ज पूर्ण वाचला. सुनेने 'पालक' खोडून 'वाली' लिहिलं, सही केली, त्यांनी त्यावर आद्याक्षरं घातली. "थई जशे, बेन, होऊन जाईल. शाळेला पत्र काढतो."

"कधी?"

"थई जशे."

"साहेब, मी बुधवारी सकाळी अकराला घ्यायला येते. हाताने नेईन."

बुधवारी अकराला पत्र तयार नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसले. दोनला मिळालं. मी उभ्याउभ्या वाचलं. मुलीला वर्गात सामावून घ्यावं, वर्ग तळमजल्यावर घ्यावा, सगळं होतं; आणि मध्येच, कोणी सांगितलं नसताना, दोन शब्द घुसवलेले: 'शक्य होय तो'. शक्य असल्यास. सरकारी पत्रात ते शब्द मिठासारखे टाकतात, चव घेऊन पाहत नाहीत. मी परत आत गेले. साहेब मीटिंगला निघून गेले होते. त्यांच्या टेबलावरचा पंखा अजून फिरत होता.

शाळा उघडायला एकच दिवस होता. आम्ही तसंच ते पत्र घेऊन शाळेत गेलो: सून, मी, आणि दुसरीच्या बेन. बेनना मी बोलावलं नव्हतं. त्या वर्षावर्षाच्या करारावर नोकरी करतात आणि त्यांचा यंदाचा करार अजून सहीला आचार्यांच्याच टेबलावर होता. त्या फाटकाशी उभ्या होत्या, आमच्याबरोबर आत आल्या.

आचार्यांनी पत्र वाचलं, आणि त्यांचं बोट बरोबर त्या दोन शब्दांवर जाऊन थांबलं.

"शक्य असल्यास. आता पाहा, शक्य नाही. तिसरीच्या वर्गात मोठा स्क्रीन लावलाय, भिंतीत बसवलाय. तो खाली कसा आणणार?"

"स्क्रीन वरच राहू द्या. मुलं खाली आणा."

"मग तिसरीची चाळीस मुलं स्क्रीनवाचून? एका मुलीसाठी?"

"चाळीस मुलं इतकी वर्षं स्क्रीनवाचूनच शिकली ना? तुम्ही, मी?"

"मॅडम, आम्ही अनुदान घेत नाही. तरी आम्ही या मुलीला दोन वर्षं प्रेमाने सांभाळलं. विचारा त्यांना. सांभाळलं की नाही?" हे सुनेला. ती मान हलवणार होती. सवयीनं हलते मान. तिने हलवली नाही.

"तुम्हाला मान्यता आहे," मी म्हटलं. "कायद्यात शब्द मान्यता असाच आहे. आणि कायदा प्रेमाबद्दल काही म्हणत नाही, जिन्याबद्दल म्हणतो."

"कायद्यात प्रयत्न करावा असंही आहे. मी पण वाचलाय. प्रयत्न तो करीए ज छीए ने!"

खरं आहे. तो शब्द तिथे आहे. ज्यांनी कायदा लिहिला त्यांनी एक फट ठेवली आणि देशातला प्रत्येक आचार्य त्या फटीतून बरोबर बाहेर पडतो. ज्यांनी कलम सोळा पूर्ण वाचलेलं नसतं, त्यांनाही तेवढा शब्द पाठ असतो. मी तोंड उघडलं, पण त्याआधी बेन बोलल्या.

"साहेब, माझा दुसरीचा वर्ग वर नेते. स्क्रीनही वापरेन. तिसरी माझ्या खोलीत खाली येईल. माझ्या वर्गात यंदा सगळे चालणारे आहेत. फळा खाली-वर करावा लागेल, तो मी आणि शिपाईभाई आज करतो."

आचार्यांनी पत्र खाली ठेवलं. "तुम्ही विचार केलाय? छोटी मुलं जिना चढणार. त्यांच्या आईबापांनी तक्रार केली तर?"

"तर मी बोलेन त्यांच्याशी."

मला वाटलं झालं. पण त्यांनी ड्रॉवर उघडून एक कोरा कागद काढला आणि सुनेपुढे सरकवला. "ठीक आहे. मग एवढं लिहून द्या, की मुलगी शाळेत पडली, लागलं, तर शाळा जबाबदार नाही. राजीखुशीथी."

सुनेने कागदाकडे पाहिलं. मी काही बोलले नाही; नाही बोलायचं असं त्या क्षणी ठरवलं आणि ते मला फार जड गेलं.

"सर," ती म्हणाली, तिच्या जळगावी वळणाच्या गुजरातीत, "घरात पडली तर मी जबाबदार. शाळेत पडली तर तुम्ही. दुसऱ्या पोरांचं पण असंच आहे ना? का त्यांच्या आयांनी पण लिहून दिलंय? दिलं असेल तर दाखवा, मी खाली सही करते."

आचार्यांनी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला. "करा काय करायचं ते," बेनना म्हणाले. "तुमच्या जबाबदारीवर." त्यांना कोणाच्या तरी नावावर जबाबदारी टाकायचीच होती. बेननी ती घेतली. त्यांचा करार त्या दिवशी सही झाला नाही. पुढच्या आठवड्यात झाला, दहा महिन्यांऐवजी पाच महिन्यांचा. हे मी वहीत लाल पेनाने लिहिलं आहे, कारण ते अजून सुटलेलं नाही.

गुरुवारी मुलगी तिसरीत बसली, तळमजल्यावर, खिडकीजवळ. तिच्या वडिलांनी रात्रपाळी करून येऊन, न झोपता तिला सोडलं. त्या रात्री आजींनी मला फोन केला आणि "खाली बसली हो" एवढंच म्हणून ठेवून दिला. मी कामांच्या यादीत त्या ओळीपुढे खूण केली. चुकीची खूण होती ती.

पंधरा दिवसांनी सून आली. शनिवार नव्हता, तरी आली. "ताई, ती शाळेत पाणीच पीत नाही."

"म्हणजे?"

"बाटली भरून देते, भरलेलीच परत येते. विचारलं तर म्हणते, मला शाळेत तहान लागत नाही. काल संध्याकाळी घरी आल्यावर चार ग्लास प्यायली. मग बेनना विचारलं."

बेननी सांगितलं ते असं. मुलींचं स्वच्छतागृह शाळेच्या मागच्या अंगाला आहे. दारापाशी दोन पायऱ्या, धरायला काही नाही. गेल्या वर्षी बेन स्वतः तिला नेत. आता त्या वरच्या मजल्यावर, वर्ग सोडून येऊ शकत नाहीत, आणि तिसरीच्या बाईंना कोणी सांगितलेलं नाही. मुलीने आपला आपण मार्ग काढला होता. सकाळी सातपासून एकपर्यंत पाणी प्यायचं नाही. आठ वर्षांच्या पोरीने, कोणाला न सांगता, कायद्याने ज्याला वाजवी सोय म्हटलं आहे ती स्वतःपुरती करून घेतली होती.

मी आचार्यांना त्याच दिवशी पत्र दिलं: तिसरीच्या बाईंना आजच सांगा, पायऱ्यांवर उतार करा, बाजूला पाइप लावा. एका गवंड्याचं एका दिवसाचं काम. पोच घेतली. तिसरीच्या बाई आता तिला मधल्या सुट्टीत एकदा नेतात. एकदाच. उताराचं उत्तर तोंडी आलं: दिवाळीच्या सुट्टीत बघू. मी विचारलं, दिवाळीपर्यंत तिने काय करायचं? ते म्हणाले, "बेन, तुम्ही प्रत्येक गोष्टीत कायदा आणता."

आणते. आणखी कशात आणू?

कचेरीला नवा अर्ज तयार आहे. त्यात 'वाली' आहे, 'शक्य होय तो' लिहू नये अशी विनंती आहे, काकांनी दोनदा तपासला आहे, बेननी पण. फक्त एक जागा रिकामी सोडली आहे. उतार किती लांब लागेल हे पायरीच्या उंचीवर ठरतं, आणि उंची लिहिली नाही तर तेवढ्यावरून अर्ज परत येईल हे मला आता माहीत आहे. मोजपट्टी घेऊन मी दोनदा शाळेत गेले. पहिल्यांदा, मुलींच्या स्वच्छतागृहापाशी बाहेरच्यांना परवानगी नाही. दुसऱ्यांदा, आचार्य नाहीत, उद्या या.

त्या दोन पायऱ्या अजून मोजायच्या राहिल्या आहेत.